फोटोत न आलेली कळ

कार्बन पेपर खाली पडला, एवढंच झालं होतं. टेबल आणि लोखंडी कपाट यांच्या मधल्या फटीत तो जाऊन बसला आणि तो घ्यायला विजया स्टुलावर बसल्याबसल्याच डावीकडे वाकली. बोटं कागदाला लागली आणि त्याच क्षणी कमरेत काहीतरी झालं. आवाज आला नाही, पण आल्यासारखा वाटला. ओली फांदी पिळल्यावर आतल्या आत चिरत जावी तसा. मग ती तशीच राहिली. अर्धी वाकलेली, एक हात जमिनीकडे, डोळ्यांसमोर फरशीवरचा चहाचा वाळलेला डाग. वर येता येईना, खाली जाता येईना. बाहेर बोईसरची नेहमीची दुपार चालू होती. ट्रक मागे घेणाऱ्याला कुणीतरी ‘आने दो, आने दो’ म्हणत होतं, रंगाच्या कारखान्याचा आंबूस वास खिडकीतून येत होता, आणि विजयाला वाटलं, आपण आता जन्मभर या डागाकडे बघत राहणार. साहेब केबिनमधून बाहेर आले. “एवढासा कागद उचलताना?” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, नुसतं नवल होतं. पण ते नवलच तिला कमरेतल्या कळेपेक्षा जास्त लागलं. पॅकिंगमधले दोघे मजूर धावत आले. “मॅडम, हिलना मत,” त्यातला थोराड होता तो म्हणाला, “बस, साँस लेते रहो.” त्यांनी तिला होती तशीच, वाकडीच्या वाकडी, साहेबांच्या खुर्चीत बसवून उचललं आणि कंपनीच्या जीपमध्ये आडवं केलं. पालघरपर्यंतचा प्रत्येक खड्डा तिच्या कमरेनं मोजला.

इस्पितळात फोटो काढला. काचेच्या उजेडात धरलेली ती काळी फिल्म विजयाला पडल्यापडल्या तिरकी दिसत होती. एकावर एक नीट रचलेले पांढरे ठोकळे, कुणीतरी फुरसतीनं मांडल्यासारखे. आपल्या आत इतकी शिस्त आहे याचं तिला आश्चर्य वाटलं. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, केस बारीक कापलेले, हातात घड्याळ नाही. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “फोटोत काही नाही.” विजयाला ते आनंदानं ऐकायला हवं होतं. पण तिला वाटलं, पकडलं आपल्याला. दुखतंय तर जीव जाईल असं, आणि फोटोत काही नाही. म्हणजे हे सगळं आपण उभं केलं की काय? डॉक्टर मात्र फोटो बाजूला ठेवून खाटेच्या कडेला बसल्या आणि घाई नसल्यासारखं विचारू लागल्या. कामावर कशावर बसता? स्टुलावर. पाठ टेकायला काही? नाही. टाइपरायटर समोर आहे की बाजूला? बाजूला, म्हणजे दिवसभर थोडं वळूनच बसावं लागतं. शिरगावहून येता म्हणजे एस.टी.नं? हो, मागचीच सीट मिळते. आणि झोपता? “काथ्याच्या खाटेवर,” विजया म्हणाली, आणि डॉक्टरांनी हाताचा पंजा खोलगट करून दाखवला. “अशी झोळी झालीय ना तिची?” विजयानं मान हलवली. घरी विहिरीचं पाणी तीच ओढत होती. मग डॉक्टरांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, “मनाला काही घोर?” तेव्हा विजया छताकडे बघत राहिली. वाडीतल्या चिकूंत, नारळीत राबणारे तिचे बाबा गेले वर्षभर एकच धोशा लावून होते, सोड ती नोकरी. आणि तीन माणसांचं टायपिंग एकटीवर आलं होतं. हे कळेचं कारण म्हणून कसं सांगायचं? “बहुतेकांची पाठ अशाच साध्या गोष्टींनी धरते,” डॉक्टर म्हणाल्या. “एकही कारण मोठं नसतं. सगळी मिळून रोज थोडं थोडं ओढत असतात आणि एक दिवस कागद पडतो. स्नायू आवळलेत. सुटतील.” साध्या, हा शब्द तिला झोंबला. एवढ्या मोठ्या कळेचं कारण निदान तिच्या मापाचं तरी असावं, असं तिला वाटत राहिलं.

त्या काळातल्या रिवाजाप्रमाणे तिला वजनं लावली. कमरेला कातडी पट्टा, त्याच्या दोऱ्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली आणि दोऱ्यांना वाळूच्या पिशव्या; खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर. डोकं खाली आणि पाय वर अशी ती पडून राहिली आणि जगात छताशिवाय काही उरलं नाही. छतावर ओलीचा एक नकाशा होता, त्यातून पंख्याची दांडी खाली आली होती. उजवीकडे औषधांचं कपाट होतं आणि कपाटाच्या पलीकडे दुसरी खाट. त्या खाटेवरून आवाज आला.

“कोन आली गो? पडली काय?”

आवाज दणदणीत होता. समुद्रावर वाऱ्याविरुद्ध बोलायची सवय असलेला, चार भिंतींत न मावणारा. विजयाला मान वळवता येत नव्हती. “नाही,” ती छताला म्हणाली, “कागद उचलत होते.”

“कागुद!” तो आवाज हसला, पण त्या हसण्यात साहेबांचं नवल नव्हतं. “दुखतंय ना पन?”

“हो.”

“मंग झालं. कागुद काय न् पाटी काय.”

ही मैनाबाई, नवापूरची मासेवाली. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात तिची हयात गेली होती. दोन वर्षं तिची पाठ दुखत होती आणि दोन वर्षं सगळे म्हणत होते, ओझ्यानं दुखते, वयानं दुखते. तेल झालं, बिब्बा झाला, शेकून झालं. पण पाटी उतरवून पडल्यावरही ते दुखणं थांबेना, संध्याकाळी अंग कढत व्हायचं, आणि चोळीचे बंद दर महिन्याला आणखी आत बांधावे लागायचे. तिचा फोटो काढला तेव्हा पांढऱ्या ठोकळ्यांपैकी दोन एकमेकांत खचलेले निघाले, वाळवीनं खाल्लेल्या वाशासारखे. हाडाचा टी.बी. आता ती प्लास्टरच्या साच्यात उताणी पडून होती, रोजची सुई आणि मूठभर गोळ्या घेत. हे सगळं तिनं विजयाला पहिल्याच दिवशी, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. आणि विजयाला पडल्यापडल्या चमत्कारिक वाटलं, की दोघींचं दुखणं वरून अगदी एकच होतं. तीच जागा, तीच वाकताना जाणारी चमक. एकीच्या मागे स्टूल आणि झोळी झालेली खाट, दुसरीच्या मागे हाड खाणारा रोग. बाहेरून कुणाला ओळखता आलं असतं? डॉक्टरांनी मैनाबाईच्या तापाबद्दल आणि त्या चोळीच्या बंदांबद्दल विचारलं म्हणून कळलं. पाठीला तोंड नसतं, तिला एकच शब्द येतो.

मैनाबाईनं वॉर्ड आपला करून टाकला. नर्स आली की हाक, झाडूवाली आली की हाक, कुणाची भाकरी करपली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या न दिसणाऱ्या खाटेवरून फिरत असे. विजया तिला आवाजावरून रचत असे. उंच, रुंद खांद्यांची, सावळी, हातात भरघोस बांगड्या. आवाज एवढा, तर बाई केवढी असेल. दुपारी पंखा बंद पडला की मैनाबाई गप्प होई आणि तेव्हा विजयाचं मन मागं मागं जाई. तेराव्या वर्षी ती आईपेक्षा उंच झाली होती, आणि पुढच्या वर्षी बाबांच्या डोक्याला लागली. “एवढी ताठ नको चालू गो,” आई म्हणायची, “लोक बघतात.” मग ती खांदे आत घेऊन चालायला शिकली. वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसायला शिकली, फोटोत गुडघे दुमडून उभी राहायला शिकली. इतकी नीट शिकली की पुढे ते शिकलेलं आहे हेही विसरली. वाळूच्या पिशव्या कमर ओढत होत्या आणि तिला वाटत होतं, या दोऱ्या आपल्याला पुन्हा त्या तेराव्या वर्षाच्या मापाला नेताहेत की काय. हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगायचं, तेही तिला माहीत नव्हतं.

बाबा डबा घेऊन आले तेव्हा त्यांना बाहेरच कुणीतरी टी.बी.चं सांगितलं होतं. ते खाटेशी न बसता उभेच राहिले, आणि आवाज दाबून म्हणाले, “विजू, उठायचं बघ. आपन दुसरीकडं जाऊ. इथं नाय ऱ्हायाचं.” आवाज दाबला तरी कपाट काही भिंत नव्हती.  पलीकडे इतका वेळ चाललेला बांगड्यांचा बारीक नाद थांबला. विजयाला बाबांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त त्यांच्या सदऱ्याची बाही आणि मनगटावरचा चिकूच्या चिकाचा डाग दिसत होता. भीती तिलाही वाटली होती, पहिल्या दिवशी वाटली होती. तिनं डॉक्टरांना विचारलंही होतं. “हाडातला आहे, बाबा,” ती म्हणाली, मुद्दाम मोठ्यानं. “छाती स्वच्छ आहे त्यांची. डॉक्टर म्हणाल्या, खोकल्यातून जातो तसा हा जात नाही. मी इथंच राहणार.”  बाबांनी डबा स्टुलावर ठेवला, त्यातलं एक केळं काढलं आणि कपाटाच्या पलीकडे गेले. “घ्या,” त्यांचा आवाज आला, “वाडीतलं हाय.” मैनाबाई म्हणाली, “ठेवा उशाला. पोरगी तुमच्यासारकीच हट्टी हाय.” बाबा हसले की नाही ते विजयाला कळलं नाही, पण जाताना ते तिच्या उशाशी टेकले.

रोज सकाळी डॉक्टर मैनाबाईच्या पायथ्याशी उभ्या राहत आणि एक परीक्षा घेत. हाड खचलं की मणक्यांच्या आतल्या मज्जेच्या दोरीवर दाब येतो, पाय बधिर होतात. म्हणून पायाच्या बोटांना हात लावायचा आणि मैनाबाईनं वर बघतच सांगायचं. “कुठलं बोट?” “आंगठा.” “आता?” “करंगळी.” “आता?” “मधलं.” विजयाला ही उत्तरं ऐकायची सवय झाली होती; प्रार्थनेच्या ओळी असाव्यात तशी ती त्यांची वाट बघे. एका सकाळी उत्तरं आली, तशीच दणदणीत. पण प्रत्येक उत्तराच्या आधी अगदी बारीकशी जागा होती, श्वास घेण्याइतकी. डॉक्टरांनी त्या दिवशी काही बोटं पुन्हा विचारली. दुसऱ्या दिवशी ती जागा थोडी मोठी झाली. डॉक्टर गेल्यावर मैनाबाईनं खालच्या आवाजात, तिचा नव्हेच अशा आवाजात विचारलं, “पोरी, मी बरोबर सांगितलं का गो?”

“मला दिसत नाही मावशी.”

“हां. तुला बी नाय दिसत.” बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मी अंदाजानं सांगते हाय. दोन-तीन दिस झालं. पाय कुटं हायत तेच कळत नाय.”

विजयानं मान वळवायचा प्रयत्न केला, वळेना. “मग सांगत का नाही?”

“सांगितलं की मुंबईला धाडतील. कापतील. माजी कोन हाय तितं?” पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “आन् इतं निदान तुमी बोलता.”

त्या दिवशी तो आवाज बंद झाला. वॉर्ड ओकाबोका झाला. नर्स दोनदा येऊन ‘मैनाबाई झोपल्या का?’ म्हणून बघून गेली. विजयाला सुचेना. आजवर मैनाबाई बोलायची आणि ती ऐकायची. बोलायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. मग तिनं छताकडे बघत, कुणाला सांगतोय याचा विचार न करता, तेराव्या वर्षाचं सगळं सांगून टाकलं. खांदे आत घेऊन चालणं, मागचा बाक, आईचं ‘लोक बघतात’.  आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्यानं बोलत होती आणि तेही कुणाचं तोंड न बघता.  मग मैनाबाई म्हणाली, “मी बुटकी. म्हनून काय माज्या आईनं मला पाटी लहान दिली नाय.” आणि दोघी हसल्या, हसताना विजयाची कमर कळवळली, आणि पलीकडून ‘आई गं’ आलं, म्हणजे तिकडेही दुखलं असणार. हसणं ओसरल्यावर मैनाबाई म्हणाली, “उद्या सांगते मी डाक्तरीनबाईला. खरं ते सांगते.”

सकाळी डॉक्टर पायथ्याशी आल्या तेव्हा विजयानं श्वास धरून ठेवला. “कुठलं बोट?” “बाय,” मैनाबाई म्हणाली, “मी खोटं बोलली तुमाला. मला कळत नाय कुटलं बोट ते. भीती वाटली म्हनून बोलली.” आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही. विजयाला वाटलं, आता डॉक्टर रागावतील. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मला शंका आलीच होती. आता ऐका. औषध जोरात चालू ठेवायचं आणि साचा नवा करायचा, अजिबात हलायचं नाही. थोडे दिवस वाट बघू. पाय सुधारले नाहीत तर मुंबईला जावं लागेल, आणि तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. एकटं धाडणार नाही.”  विजयाच्या डोळ्यांतलं पाणी, डोकं खाली असल्यामुळे, गालांवर न येता कानशिलांकडे वाहत गेलं. कुणाचं जास्त कौतुक वाटावं हे तिला ठरवता येईना. भीती वाटली असं सरळ बोलून टाकणाऱ्या बाईचं, की रोज तीच बोटं तितक्याच मनापासून चाचपणाऱ्या बाईचं. आपल्या दुखण्याला डॉक्टरांनी साधं म्हटलं होतं. त्या शब्दात किती दिलासा होता ते आता तिला पहिल्यांदा कळलं. साधं म्हणजे खोटं नव्हे. साधं म्हणजे ज्यातून माणूस उठतो ते.

तिची वजनं काढली तेव्हा दोन नर्सांनी धरून तिला उभं केलं. जमीन खूप खाली गेली होती. “खांदे सोडा,” डॉक्टर म्हणाल्या, “तुम्ही कुणापासून लपताय?” तिनं खांदे सोडले आणि उंचीत एकदम भर पडल्यासारखं झालं, डोकं गरगरलं, पण कमरेतली कळ मात्र हळूच मागे सरली. मग ती कपाटाला धरत धरत पलीकडे गेली. आणि थबकली. खाटेवर, प्लास्टरच्या पांढऱ्या होडीत, एक लहानशी बाई पडली होती. बुटकी म्हणाली होती ती, पण पोरीएवढी. गालफडं बसलेली, कपाळावर गोंदलेलं, हातात हिरव्या काचेच्या दोनच बांगड्या. तो सगळा आवाज एवढ्याशा अंगातून येत होता. मैनाबाईनं तिच्याकडे खालून वर पाहिलं, पाहतच राहिली. “अगो आई,” ती म्हणाली, “होडीची डोलकाटीच हायेस की!” आणि मग, गंमत सोडून, “बसू नको. पायाशी जा. बोटं बघ माजी. आन् खरं सांग, लबाडी नको.”

त्या दिवसापासून संध्याकाळची परीक्षा विजयाकडे आली. टाइपरायटरच्या कळा ओळखणारी तिची बोटं मैनाबाईच्या पायांवर फिरू लागली. खाऱ्या वाळूनं भेगाळलेल्या टाचा, आखूड, फाकलेली बोटं. एका माणसाला आयुष्यभर वाहून आणलेले पाय, आता स्वतःचे नसल्यासारखे पडलेले. “कुठलं?” “कळत नाय.” “हे?” “कळत नाय पोरी.” मैनाबाई एकदाही अंदाज बांधत नसे. विजयाला घरी जायची परवानगी मिळाली तरी ती कामावरून सुटल्यावर पालघरला उतरून वॉर्डात येई. साहेबांपुढे उभं राहून तिनं पाठ असलेली खुर्ची मागितली होती आणि टाइपरायटर समोर घेतला होता. बाबांना म्हणाली होती, नोकरी सोडणार नाही, खाटेवर फळी टाकून द्या. बाबांनी वाडीतल्या फणसाची फळी स्वतः रंधून आणली. या सगळ्या बातम्या ती बोटं चाचपता चाचपता सांगे. एका संध्याकाळी अशीच साहेबांची नक्कल चालू असताना मैनाबाई मध्येच म्हणाली, “मधलं.” विजया गप्प झाली. तिचं बोट खरंच मधल्या बोटावर होतं. तिनं ते हळूच सरकवलं. “करंगळी,” मैनाबाई म्हणाली. “दाबू नको, गुदगुली होते.” विजया धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. धावता येतं हे व्हरांड्याच्या टोकाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

मैनाबाईला घरी सोडलं तेव्हा विजया नव्हती. कंपनीत हिशेबाचे दिवस होते. शिमगा होऊन गेल्यावर एका रविवारी ती नवापूरला गेली. घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं समुद्राकडे हात केला. “तिला पाटी उचलाय बंदी केलीय ना डाक्तरीनबाईनं. मंग ती आता उचलत नाय, इकते. लिलाव तीच पुकारते समद्यांचा.” किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या, बायांचा गराडा पडला होता, आणि गराड्याच्या मधून, बंदराच्या सगळ्या गलक्यावरून तो आवाज येत होता. “बोला, बोला! बोंबील हाय, आताचा हाय, डोळं बघा त्याचं! कोन बोललं? जोरानं बोल गो, जेवली नाय काय?” विजयाला आत शिरावं लागलं नाही, तिला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होतं. वाळूत दोन पाय रोवून मैनाबाई उभी होती. लुगड्याच्या आत प्लास्टरचं जाकीट होतं, त्यानं ती एखाद्या छोट्या खांबासारखी दिसत होती. विजया दिसताच ती थांबली, हात पुढे करून तिला गराड्यात ओढलं आणि तिची मूठ आपल्या बरगडीवर आपटून घेतली. टक्क. “बघ! घर हाय, घर. पावसाळ्यापर्यंत ऱ्हायाचं हाय ह्यात.” बाया हसल्या. विजयाला किती काय बोलायचं होतं. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक टोपलीतला मासा उलटा करून नाक मुरडू लागलं आणि मैनाबाईनं त्या गिऱ्हाइकाकडे झटक्यानं तोंड फिरवलं. “ए बाय, शिळा बोलतेस? ये, हित ये, वास घे!” भांडण रंगलं, भाव चढला, दुसरी टोपली पुढं आली, तिसरी आली. मैनाबाई विजयाला पार विसरून गेली. विजया गर्दीत उभी राहून, कुणाच्या तरी कोपराचे धक्के खात, ते विसरलं जाणं मन भरून ऐकत राहिली.